सावलीच्या कोपऱ्यासाठी हिवाळी सुगंध: सार्कोकोका लावली आहे का कुणी?

कोपऱ्यातली_बाग

इंग्लंडमध्ये घर बघताना मागची बाग दक्षिणेकडे आहे ना, हे प्रत्येक जण विचारतो. ती दक्षिणेकडे गेली की पुढचं अंगण आपोआप उत्तरेला येतं. दारापर्यंतची फरशी, कचऱ्याचे चाकांचे डबे, गॅसमीटरची पेटी आणि भिंतीलगत दोन-तीन फूट रुंदीचा मातीचा पट्टा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ऊन पोचतच नाही. आमच्या गल्लीत बहुतेकांनी त्या पट्ट्यावर खडी ओतून टाकली आहे. नवीन घर घेतलेल्या मराठी मंडळींना कळकळीने सांगावंसं वाटतं, खडी ओतायच्या आधी एकदा सार्कोकोकाचा विचार करा.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: इथल्या जुन्या वाड्यांच्या बागांत कातरून गोळे आणि कुंपणं केलेली बॉक्सची झाडं असतात, त्यांच्याच कुळातलं हे झुडूप. नर्सरीत ते 'स्वीट बॉक्स' किंवा 'ख्रिसमस बॉक्स' या नावाने मिळतं. पानं बारमाही, गडद हिरवी, चकचकीत. डिसेंबरच्या मध्यापासून फुलायला लागतं ते थेट मार्चपर्यंत. फुलांना पाकळ्याच नसतात. दिसतात ते पुंकेसर, पांढरे आणि बारीक, ओल्या नारळाचा कीस पानांच्या बेचक्यात अडकावा तसे. नर फुलं वर, मादी फुलं खाली. मादी फुलांची फळं धरून पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, त्यामुळे पुष्कळदा गेल्या वर्षीची काळी टपोरी फळं आणि यंदाची फुलं एकाच फांदीवर बघायला मिळतात.

पण हे झुडूप बघण्यासाठी नाहीच, वासासाठी आहे. मधाचा वास, थोडा व्हॅनिलाकडे झुकणारा. वारा पडलेला असेल आणि थंडी जराशी सैल झाली असेल तर गेटपाशीच कळतं. फुलाला नाक लावून हुंगण्यापेक्षा चार पावलं लांब उभं राहिलं की जास्त छान येतो. यामागे कारणही आहे. जानेवारीत परागीभवन करायला किडे असतात किती? जे चार-दोन बाहेर पडतात त्यांना लांबून बोलवायचं तर रंगाचा उपयोग नाही, सुगंधच हवा. आमच्याकडे ऊन पडलेल्या दुपारी मोठ्या काळ्या-पिवळ्या बंबलबी यावर घिरट्या घालताना दिसतात.

म्हणून माझं ठाम मत असं की ही कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. बागेच्या टोकाला, शेडच्या मागे लावली तर तिचा काही उपयोग नाही, कारण जानेवारीत तिकडे कुणी फिरकत नाही. दाराजवळ लावा, गाडीतून उतरतो तिथे लावा, कचऱ्याच्या डब्यांच्या वाटेवर लावा. जिथून रोज जावंच लागतं अशी जागा हवी.

प्रकार बरेच आहेत, पण दुकानात गेल्यावर मुख्यतः तीन-चारच समोर येतात.

कन्फ्यूजा सगळ्यात भरवशाची. उंची दीड मीटरपर्यंत, सावकाश वाढते, एका जागी गठ्ठा करून राहते. फळं काळी. रस्किफोलिया तिच्यासारखीच दिसते, पण फळं लाल. या दोघींची इतकी गल्लत व्हायची की एकीचं नावच त्यावरून पडलं. हुकेरियानाची डिग्ना नावाची जात आहे, तिची पानं अरुंद, देठ जांभळट आणि फुलांत गुलाबी झाक. दिसायला मला हीच सर्वांत देखणी वाटते. चौथी ह्युमिलिस, बुटकी, गुडघ्याच्या आसपास उंचीची. ही जमिनीखालून धुमारे काढत पसरते. झाडाखालची मोठी जागा झाकायची असेल तर उत्तम, पण अरुंद पट्ट्यात दुसऱ्या झाडांबरोबर नको.

कन्फ्यूजा आणि डिग्ना या दोघींनाही रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं गार्डन मेरिट मानचिन्ह आहे. लेबलवर कपाचं छोटं चित्र दिसलं की समजा.

विकत घेण्याआधी वास घेऊन बघायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत केंब्रिज विद्यापीठाच्या बोटॅनिक गार्डनमधली विंटर गार्डन बघा. तिथून जवळच अँगलसी ॲबीचा विंटर वॉक आहे, १९९८ साली खुला झालेला, आणि मँचेस्टरकडच्यांना डनम मॅसी. तिन्ही ठिकाणी हिवाळा हाच बागेचा मुख्य मोसम मानून लागवड केलेली आहे.

कुणाकुणाकडे आहे? कशी वाढते? अनुभव लिहा.

पाऊसपाखरू

वा, या झुडपावर मराठीत धागा! आम्ही ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ. आमच्याकडे प्रश्न नुसत्या सावलीचा नाही, कोरड्या सावलीचा आहे. घरामागे उंच डग्लस फर आहेत. हिवाळाभर पाऊस पडतो, पण उन्हाळ्यात जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात आणि फरची मुळं वरच्या थरातलं सगळं पाणी ओढून घेतात. हायड्रेंजिया लावून पाहिल्या, दुपारपर्यंत माना टाकायच्या. हॉस्टा गोगलगायींनी संपवल्या. ह्युमिलिस मात्र तिथे गालिच्यासारखी पसरली आहे.

एक गोष्ट ठळक करून सांगते. "कोरड्या सावलीत चालते" असं लेबलवर लिहिलेलं असतं, ते मुळं धरल्यानंतरचं. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोल पाणी द्यावंच लागतं. वरवर शिंपडून उपयोग नाही, नळी बारीक धारेवर सोडून बराच वेळ बुंध्याशी ठेवावी. त्यानंतर ती आपली आपण राहते.

सिएटलला गेलात तर वॉशिंग्टन पार्क आर्बोरेटममध्ये विट विंटर गार्डन आहे, तिथे विच हेझेल या हिवाळ्यात फुलणाऱ्या झुडपाच्या जोडीला ही लावलेली आहे. पिवळी विच हेझेल वर आणि खाली हा वास, फेब्रुवारीत त्या वाटेवरून पाय निघत नाही.

जर्सीकर

उत्तम माहिती. आम्ही न्यू जर्सीच्या मध्य भागात. दोन प्रश्न. आमच्याकडे अधूनमधून पारा उणे पंधराच्या खाली जातो, टिकेल का? आणि हरणं? आमच्या कॉलनीत हरणं ट्यूलिपपासून होस्टापर्यंत सगळं खातात, अगदी दाराशी येऊन.

कोपऱ्यातली_बाग

@जर्सीकर, कन्फ्यूजा उणे दहा-पंधरापर्यंत ठीक असते, त्याखाली मला धोका वाटतो. तुम्ही ह्युमिलिस घ्या, नेहमीच्या प्रकारांत थंडीला सगळ्यांत काटक तीच. आणि नुसत्या थंडीपेक्षा कोरडा बोचरा वारा जास्त नुकसान करतो, कारण पानं बारमाही असल्यामुळे जमीन गोठलेली असतानाही त्यांतून पाणी उडत राहतं आणि मुळांना ते भरून काढता येत नाही. घराच्या आडोशाला लावा. मुळांवर पानांच्या कुजलेल्या खताचा जाड थर द्या.

हरणांचं पाऊसपाखरू सांगू शकेल.

पाऊसपाखरू

हरणं आमच्याकडेही येतात. सार्कोकोकाला तोंड लावत नाहीत. बॉक्सच्या कुळातल्या झाडांत कडू अल्कलॉइड असतात, तेच कारण असावं. ससेसुद्धा सोडून देतात.

मंजिरी_सरे

धागा आवडला, पण मला वेगळं मत मांडायचंय. सावलीत सुगंध हवा तर डॅफ्नी भोलुआ का नको? 'जॅकलिन पोस्टिल' नावाची जात आमच्याकडे सरेमध्ये घराच्या पूर्व बाजूला आहे. ऐन जानेवारीत, इतर सगळं काळवंडलेलं असताना, अख्खं झुडूप गुलाबी-पांढऱ्या झुबक्यांनी भरतं. वास सार्कोकोकापेक्षा खोल आणि थोडा मसालेदार. उभी वाढते, दोन-अडीच मीटर, त्यामुळे अरुंद जागेतही बसते. सार्कोकोकाची फुलं शोधावी लागतात, ही लांबूनच डोळ्यांत भरते.

शिवाय तिची कुळकथा सुंदर आहे. १९६२ साली टॉम स्प्रिंग-स्मिथ या ब्रिटिश मेजरने पूर्व नेपाळमधून उंचावरची एक डॅफ्नी आणली, तिला 'गुरखा' नाव मिळालं. ती पानगळीची. हिलियर नर्सरीतल्या ॲलन पोस्टिल यांनी तिच्या बियांपासून रोपं केली, त्यातलं एक बारमाही पानांचं आणि भरभरून फुलणारं निघालं. त्याला त्यांनी आपल्या पत्नीचं नाव दिलं. आज इंग्लंडमधल्या विंटर गार्डन्समध्ये हे झुडूप लोकांचं लाडकं आहे.

कोपऱ्यातली_बाग

@मंजिरी_सरे, सौंदर्यात डॅफ्नी पुढे आहे हे मान्य. जागा आणि माती जमली तर जरूर लावावी. पण ज्या पट्ट्याबद्दल मी लिहिलं तिथे मी कुणालाही डॅफ्नी सुचवणार नाही, आणि कारणं सांगते.

तिला गर्द सावली नको, निदान अर्धा दिवस कवडसे हवेत. पाण्याचा निचरा चांगला हवा. आमच्याकडच्या चिकट मातीत हिवाळ्यात पाणी साठतं आणि मुळं कुजतात. एकदा लावली की हलवता येत नाही, मुळं दुखावलेली तिला अजिबात खपत नाही. कुंडीत फार दिवस राहिलेलं रोप घेतलं तर ते जमिनीत रुजतच नाही. आणि सगळं व्यवस्थित करूनही चांगलं भरलेलं झाड एखाद्या वर्षी अचानक जातं, असं कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. महागही आहे. आयुष्यात पहिल्यांदा बाग करणाऱ्या माणसाचं पहिलंच झाड असं गेलं तर तो पुन्हा कुदळ हातात घेत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सार्कोकोकाला चुनखडीची माती चालते, आम्लधर्मी चालते, चिकण चालते, रस्त्याकडेचा धूर चालतो. कॅमेलियासारखे मातीचे लाड नाहीत.

मंजिरी_सरे

निचऱ्याचं आणि मुळांचं पटलं. आमची माती वाळूची आहे, त्यामुळे इथे ती सुखात आहे. पण लोकांनी घाबरून नाद सोडू नये म्हणून एक सांगते. लहान रोप घ्या, कुंडीतून काढल्यावर खाली मुळांचं वेटोळं नाही ना ते बघा, एप्रिलमध्ये लावा म्हणजे पूर्ण मोसम मिळतो, आणि बुंध्याशी पालापाचोळा टाकत राहा. छाटणी जवळजवळ नाहीच.

देवदार

मी डेहराडूनला असतो, मूळचा साताऱ्याचा. तुमची चर्चा वाचून गंमत वाटली, कारण तुम्ही ज्या दोन झुडपांची तुलना करताय त्यांपैकी डॅफ्नी भोलुआ हिमालयातलीच आहे, सार्कोकोकाच्याही काही जाती इथल्या आहेत, आणि आपल्याकडे त्यांच्याकडे बागेतली झाडं म्हणून फारसं कुणी बघत नाही.

मसुरीच्या वर बांजच्या, म्हणजे हिमालयीन ओकच्या जंगलात फिरताना सार्कोकोका सॅलिग्ना जागोजागी दिसते. विलोसारखी लांब निमुळती पानं, फुलं फिकट हिरवट-पिवळी, फळं जांभळट. वास जवळपास नाही, म्हणून इंग्लंडच्या बागांत तिला भाव नसावा. पण ती कुठे उगवते ते बघण्यासारखं आहे. उत्तरेकडचे उतार, वर दाट छत, खाली ओकच्या पानांचा सडा, पावसाळ्यात धो-धो पाणी पण उतारामुळे वाहून जाणारं, मग मोठा कोरडा काळ आणि थंडीत अधूनमधून बर्फ. सावली, पानांचं खत, निचरा. तुमच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात ती का रमते हे इथे उभं राहिलं की लगेच कळतं.

हुकेरियाना पूर्वेकडची. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांच्या नावावरून तिचं नाव पडलं. ते १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम आणि आसपासच्या डोंगरांत वनस्पती गोळा करत हिंडले. तिथल्या दिवाणाने त्यांना दार्जिलिंगचे ब्रिटिश अधिकारी कॅम्पबेल यांच्यासह कैदही केलं होतं. पण इंग्लंड-अमेरिकेच्या बागांत ज्या जाती दिसतात, डिग्ना आणि ह्युमिलिस, त्या पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पती गोळा करणारे अर्नेस्ट विल्सन यांनी पश्चिम चीनमधून पाठवल्या.

डॅफ्नीबद्दल मात्र मला भरभरून लिहावंसं वाटतं, कारण ती नुसती शोभेची नाही. नेपाळचा जो हातकागद, लोक्ता कागद, तो याच झुडपाच्या आतल्या सालीचा. भोलुआ आणि तिची बहीण पॅपिरेसिया. साल सोलतात, वरचा काळा पापुद्रा खरवडतात, राखेच्या पाण्यात शिजवतात, कुटून लगदा करतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटीत ओतून उन्हात वाळवतात. झुडूप मुळासकट उपटत नाहीत. जमिनीपासून थोडं वर कापलं की पुन्हा धुमारे येतात आणि पाच-सात वर्षांनी परत साल मिळते. हा कागद चिवट असतो, त्याला कसर लागत नाही. नेपाळमध्ये सरकारी दस्तऐवज आणि पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या यावरच लिहिल्या गेल्या.

आपल्या देशातही ही कला आहे. अरुणाचलमध्ये तवांगचे मोनपा लोक याच सालीपासून 'मोन शुगु' नावाचा कागद करतात. बौद्ध मठांतले ग्रंथ त्यावर लिहिले जात. ती जवळजवळ नामशेष झाली होती. २०२० च्या डिसेंबरमध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने तवांगला कागद तयार करण्याचं केंद्र सुरू केलं. कुणी तवांगला जाणार असेल तर युद्धस्मारक आणि मठ बघून झाल्यावर हे आवर्जून बघा आणि कागद विकत घ्या.

मंजिरी_सरे

देवदार, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. दारातल्या झाडाचा कागद होतो हे माझ्या मुलीला वाचून दाखवलं, ती लगेच बागेत जाऊन साल बघून आली. तिला आधीच सांगून ठेवलं होतं की हात लावायचा नाही. इथे सगळ्यांसाठी लिहून ठेवते: डॅफ्नीचे सर्व भाग विषारी आहेत, फळं तर विशेष, आणि चीक लागून त्वचेची आग होते. छाटताना हातमोजे घाला. घरात रांगतं मूल असेल तर थोडी वर्षं थांबलेलं बरं.

पेठेतली_गच्ची

खूप छान धागा. माझा मुलगा बर्मिंगहॅमला असतो, त्याच्या दारात हेच झुडूप आहे हे फोटो मागवल्यावर कळलं! आता प्रश्न. पुण्यात हे जगेल का? आमच्या वाड्याच्या जागी इमारत झाली, पण मागे जुन्या आंब्याखाली गर्द सावलीची जागा राहिली आहे. मुलगा मेमध्ये येणार आहे, येताना बॅगेतून एक छोटं रोप किंवा बिया आणू दे का?

देवदार

काका, कृपा करून आणू देऊ नका. भारतात रोपं, कलमं, बिया आणायच्या तर आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश त्यासाठीच आहे. मातीसकट रोप तर नाहीच. विमानतळावर जप्त होईल हा भाग वेगळा, पण त्या मातीतून एखादा रोग इकडे आला तर तो परत पाठवता येत नाही.

आणि आणूनही पुण्यात ती टिकणार नाही. एप्रिल-मेचा उन्हाळा तिच्या प्रकृतीला झेपणारा नाही, हवेतली कोरडी धग सावलीतही लागते.

कोपऱ्यातली_बाग

काका, आंब्याखालच्या जागेसाठी आपलीच झाडं सुचवते. कुंती लावा. पानं बारमाही, गडद, चकचकीत, अर्धी सावली चालते, छाटून हव्या त्या उंचीला ठेवता येते. पांढऱ्या फुलांचा वास संध्याकाळी सगळ्या इमारतीत पसरतो. बहर हिवाळ्यात नाही, मुख्यतः पावसाच्या आगेमागे येतो, आणि अगदी अंधार असेल तर फुलं कमी येतात, म्हणून आंब्याच्या कडेला, जिथे सकाळचे कवडसे येतात तिथे लावा. दुसरा हिरवा चाफा. तोही बारमाही पानांचा, सावलीत तग धरणारा. फुलं पानांच्याच रंगाची, पिकल्यावर पिवळी होतात तेव्हा वास सुटतो, आणि मग शोधत बसावं लागतं कुठून येतोय. आंब्याच्या खोडाशेजारी त्याला चढायला आधार मिळेल.

पेठेतली_गच्ची

दोन्ही उपाय पटले. हिरवा चाफा आमच्या आजोळी विहिरीशी होता. नर्सरीत विचारतो. आणि मुलाला बिया न आणण्याबद्दल कळवतो.

नवी_पालवी

मदत हवी आहे. मी लीड्समध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, जमीन नाही, दाराबाहेर कुंडीत कन्फ्यूजा आहे. गेल्या उन्हाळ्यापासून पानं पिवळट पडली आहेत. नर्सरीत विचारलं तर "पाणी जास्त होतंय" म्हणाले. पाणी कमी केलं तरी फरक नाही. फुलं आली आहेत, पण थोडीच.

कोपऱ्यातली_बाग

@नवी_पालवी, आधी दोन गोष्टी सांगा. दुपारचं ऊन येतं का? आणि कुंडी शेवटची कधी बदलली?

नवी_पालवी

दार पश्चिमेला आहे, उन्हाळ्यात दुपारी तीननंतर कडक ऊन. कुंडी कधीच बदलली नाही, घेतली त्याच कुंडीत आहे.

कोपऱ्यातली_बाग

मग दोन्ही कारणं एकत्र आहेत. सार्कोकोकाची पानं कडक उन्हात पिवळी पडतात, आणि नर्सरीच्या कुंडीतलं मिश्रण साल-दोन सालांत निःसत्त्व होतं, मुळंही कोंबलेली असणार. पाणी कमी केल्याने उलट त्रास वाढतो.

आता फुलतेय, तेव्हा मार्च अखेरपर्यंत थांबा. मग एक माप मोठी कुंडी घ्या, खाली भरपूर भोकं हवीत. नुसतं हलकं कंपोस्ट भरू नका, ते लवकर बसतं. जॉन इनेस नंबर ३ हे मातीचा अंश असलेलं मिश्रण घ्या, जड असतं आणि कुंडी वाऱ्याने पडत नाही. मुळांचं वेटोळं बोटांनी सैल करा. सावकाश विरघळणारं दाणेदार खत थोडंसं. मे ते सप्टेंबर कुंडी भिंतीच्या आड सरकवा आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दाराशी आणा. पिवळी झालेली जुनी पानं परत हिरवीगार होतीलच असं नाही, पण नवी फूट चांगली येईल.

जर्सीकर

ह्युमिलिसची रोपं स्थानिक नर्सरीत मिळाली. पण तिथे विचारल्यावर एक महत्त्वाची गोष्ट कळली, ती इथे लिहितो. इकडे बॉक्सवर करपा पडतो, कॅलोनेक्ट्रिया नावाच्या बुरशीचा. पानांवर तपकिरी डाग, देठांवर काळ्या रेघा आणि मग पानं भराभर गळतात. ही बुरशी सार्कोकोकावर आणि पॅकिसँड्रा या जमीन झाकणाऱ्या बुटक्या झाडावरही येऊ शकते, कारण कूळ एकच. त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच रोगट बॉक्स आहे त्यांनी त्याच जागी ही लावू नये.

कोपऱ्यातली_बाग

हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. इंग्लंडमध्येही हा करपा आहे. बॉक्स गेला म्हणून त्याच्या जागी लोक नेमकी सार्कोकोका आणतात. बॉक्सइतक्या लवकर ती बळी पडत नाही, पण गळलेली पानं मातीत राहिली तर बुरशी वर्षानुवर्षं टिकते. रोगट झाडाखालचा सगळा पालापाचोळा उचलायचा, कंपोस्टच्या ढिगात टाकायचा नाही, कात्री स्पिरिटने पुसायची. आणि पाणी पानांवर नको, मुळाशी द्यायचं.

साखरफुटाणा

वाचनमात्र होते, पण राहवलं नाही. आमच्या इथे हळदीकुंकू जानेवारीतच असतं, आणि ताज्या फुलांची पंचाईत. सुपरमार्केटमधल्या गुलाबांना वास नसतो. यंदा सार्कोकोकाच्या दोन डहाळ्या तिळगुळाच्या ताटाशेजारी तांब्यात ठेवल्या. आलेली प्रत्येक जण विचारत होती, अत्तर कुठलं? एका डहाळीने खोली भरते, आणि फुलं पाण्यात चांगली आठवडाभर टिकतात. हीटरपासून लांब ठेवावी, नाहीतर पुंकेसर लवकर गळतात.

दोन मैत्रिणींना पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून रोपंच द्यायचं ठरवलं आहे. घरी रोपं करता येतात का?

मंजिरी_सरे

वाण म्हणून रोप, किती सुंदर कल्पना! मीही करणार.

पाऊसपाखरू

@साखरफुटाणा, करता येतात, आणि सोपं आहे, पण पुढच्या संक्रांतीला लहानच असतील हे मैत्रिणींना सांगून द्या.

ह्युमिलिस असेल तर सर्वांत सोपं. मार्चमध्ये कडेचे धुमारे मुळांसकट धारदार खुरप्याने तोडून कुंडीत लावा, लगेच चालू होतात. डिग्नाचेही असे निघतात.

कन्फ्यूजा असेल तर काडी लावावी लागते. ऑगस्टच्या शेवटी यंदाची फूट खालून थोडी टणक झालेली असते, तेव्हा बोटभर लांबीच्या काड्या घ्या. खालची पानं काढा, वरची तीन-चार ठेवा. निम्मं कंपोस्ट आणि निम्मं परलाइट (निचऱ्यासाठी वापरतात ते हलके पांढरे दाणे) किंवा जाडी वाळू. काड्या कुंडीच्या कडेकडेने खोचा, वरून पारदर्शक पिशवी, आणि सावलीत ठेवा. हिवाळाभर घाई करून उपटून बघू नका. वसंतात नवी पालवी दिसली की वेगवेगळ्या कुंड्यांत लावा.

बियांचाही मार्ग आहे, पण सावकाश. काळी फळं चुरडून गर धुवून काढायचा, बी ताजंच पेरायचं आणि कुंडी हिवाळाभर बाहेर थंडीत ठेवायची. ब्लॅकबर्ड हे काम आपल्यासाठी करतात. जुन्या झुडपाखाली मार्चमध्ये पाला बाजूला करून बघा, दोन-चार इवली रोपं हमखास सापडतात. साखरफुटाणा, तुमचं झुडूप जुनं असेल तर आधी तिथेच शोधा.

साखरफुटाणा

आत्ताच टॉर्च घेऊन बघून आले. सहा आहेत! एवढी लहान उचलू की अजून वाढू देऊ?

पाऊसपाखरू

खरी पानं चारपेक्षा जास्त असतील तर एप्रिलमध्ये मातीच्या गोळ्यासकट उचला. नसतील तर पुढच्या वसंतापर्यंत तिथेच राहू द्या, वर पाला टाकून ठेवा आणि शेजारी एक काडी रोवा, म्हणजे तण काढताना हाताखाली येणार नाहीत.